बाबांचं वाढलेलं वजन

हैदराबाद, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, दुपारचे सव्वातीन. दवाखान्यात बाबांचे पाय उशीवर ठेवून लिहायला बसलो आहे.

यशवंतदादा, सविनय जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र गावाकडे निघालेल्या माणसाजवळ देत आहे.

पेसमेकर बसवल्यापासून बाबांचं वजन नऊ किलो वाढलं. दर बाजाराला ताडकळसमध्ये त्यांना काट्यावर उभं करून तू म्हणायचास, "बघा, म्हाताऱ्यानं अंग धरलं!" मी आकडे वहीत लिहीत गेलो. पाय सुजलेत म्हणालो, तर "लय मोठा डाक्टर झालास का?" म्हणून चारचौघांत हसलास.

ते पाणी होतं, दादा. यंत्राची तार हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून जाते. तिच्यामुळे झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं आणि अंगात पाणी साठतं. उजवी बाजू थकली आहे. "इतके दिवस काय करत होता?" असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी तुझं नाव घेतलं नाही.

तार काढण्यात धोका आहे, ठेवण्यात जास्त आहे. ऑपरेशन शुक्रवारी आहे. बाबा म्हणतात, "यशवंत आल्याबिगर मी सही करणार न्हाई." गुरुवारपर्यंत ये.

आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच सांग, की गोळ्यांनी पायांची सूज उतरायला लागली आहे. तेवढं खरं आहे.

तुझा धाकटा भाऊ,
सिद्धोधन