आरसा आणि पहिल्या वेचणीचा कापूस

मी, मथुरा बळीराम भोयर, वय एकसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला टपलेले मात्र आहेत, म्हणून दार आतून लावले आहे.

१. राहते घर वडिलांनी माझ्या नावे केले. खालच्या खोल्यांत धाकटा भाऊ बबनराव याने भाव येईल या आशेवर आढ्यापर्यंत कापूस भरला आहे. भाव येत नाही, कापूस जात नाही आणि अंगाची खाज थांबत नाही. आता त्याचा डोळा माझ्या गच्चीवरच्या खोलीवर आहे, असा माझा पक्का संशय आहे.

२. त्या खोलीत माझे तीन संसार आहेत: पीएच.डी.चा प्रबंध, मुलांसाठी लिहीत असलेले ताऱ्यांचे पुस्तक आणि दुर्बीण. सकाळी प्रबंध, दुपारी पुस्तक, आभाळ मोकळे असले की दुर्बीण, अशी वाटणी मी पाळते. मार नेहमी प्रबंधाला बसतो. बबनराव म्हणायचा, "बाई, या वयात हे तिन्ही कायले? एक तरी धड कर." सर्व लिखाण, पुरे असो वा अपुरे, गावच्या वाचनालयास द्यावे.

३. दुर्बिणीचा आरसा मी काचेवर काच घासून स्वतः घडवला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यावर ओरखडे दिसले. तेव्हापासून शनीची कडी पुसट दिसते आणि पुस्तकातले शनीचे प्रकरण अडून बसले आहे. माझा नाद सुटावा आणि खोली मोकळी व्हावी म्हणून हे बबनरावानेच केले. सबब घर त्यास न देता वाचनालयास द्यावे.

इथवरचा मजकूर दार उघडून, साक्षीदारांना बोलावून वाचून दाखवत होते, तेवढ्यात बबनरावाची बायको मैना चहा घेऊन आली. ऐकून तिने कप खाली ठेवले.

"बाई, आरसा म्या पुसला. वावरात सीतादहीची पूजा करून पयल्या वेचनीचा कापूस आनला होता. पूजेचा कापूस. म्हटलं, बाईच्या देवालेबी लावावा."

वावरातल्या कापसात धूळ आणि पानांचा चुरा असतो. तो आरशावर फिरवणे म्हणजे काथ्याने घासणे. पण नवऱ्याला वाचवायला ती खोटे बोलत असेल, असे मला वाटले. कसा पुसला, विचारले. "गोल गोल. परात घासतो तसा." ओरखडे गोलच आहेत, आणि हे मी कुणालाही सांगितलेले नव्हते.

वर्षभर गप्प का राहिलीस, विचारले. म्हणाली, "तुमी त्याइच्यासंग बोलनं टाकलं. मले भेव वाटलं, माह्यासंगबी टाकसान."

४. कलम ३ मधील घराबद्दलचे वाक्य खोडून तिथे सही केली आहे. वाचता येईल इतपतच खोडले आहे, पुढे लागले तर असावे. घर बबनरावास. अट एकच: गच्चीच्या खोलीत कापसाचे बोंडही ठेवू नये.

५. दुर्बीण मैनास. ती रोज ती खोली झाडते, पण दुर्बिणीतून तिने एकदाही पाहिलेले नाही. मी कधी बोलावलेच नाही, याचे मला वाईट वाटते. आज चंद्र आहे. दोघांनाही वर बोलावले आहे. बबनराव लगेच हो म्हणाला, त्यामागे काय आहे ते कळत नाही. पण येऊ दे.

साक्षीदार: देवसिंग राठोड, निवृत्त पोस्टमास्तर; उकंडा मेश्राम, सुतार. या दोघांचे आपसात पटत नाही, म्हणूनच निवडले. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: मथुरा बळीराम भोयर
बोरी अरब, १२ नोव्हेंबर २००५