तुंबा परत करताना

साल्तो, ३ जून

ती. देल्मीराताईस,
सा. न. वि. वि.

परवा तपासणीचा निकाल आला. सगळं स्वच्छ. शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली आणि कॅन्सरचा मागमूस नाही म्हणे. शेजारच्या नोर्माने लगेच गल्लीभर दवंडी पिटली आणि दुपारी दहा-बारा जणं माझ्या स्वयंपाकघरात हजर! पुऱ्या तळल्या, कडू माते-चहाचा एकच तुंबा हातोहात फिरला. जो तो म्हणतोय, सुटलीस बाई, आता मजा कर. मीही हसले, गाल दुखेपर्यंत हसले.

दवाखान्यातली नवी डॉक्टरीणबाई पण आली होती, क्यूबाची. तिला तुंबा पहिला दिला. तिने नळीने दोन घोट ओढले आणि परत करताना अगदी गोड आवाजात म्हणाली, आभारी आहे. झालं! आपल्याकडे आभार म्हणजे पुरे, आणखी नको. नोर्माने तिला पुन्हा विचारलंच नाही. बिचारी तासभर कोरड्या घशाने दुसऱ्यांची तोंडं बघत बसली. शेवटी मीच सांगितलं की बाई, हवं असेल तोवर तोंड मिटून तुंबा परत करायचा. आभार मानलेस की गेलीस.

जूनच्या थंडीने खांदा ठणकतो. शस्त्रक्रियेनंतर दिलेले ते दुखण्यावरचे थेंब इथे मिळेनात. तुझ्याकडच्या नेल्सनच्या औषधाच्या दुकानात असतील तर बसच्या पार्सलने एक बाटली पाठव. दोन पाठवल्यास तरी चालेल. आणि अंजिराचा मुरंबा विसरलीस तर बहीण कसली तू!

लोभ आहेच, त्यात मुरंब्याची भर पडावी.
तुझी,
सुल्मा


ताकुआरेम्बो, ११ जून

चि. सुल्मास,
अ. उ. आ.

फोन केला की बरी आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. कागदावर तुला खोटं बोलता येत नाही, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे.

मुरंबा पाठवलाय, लोकरीची शाल पाठवलीय. थेंब पाठवलेले नाहीत. नेल्सनकडे गेले तर त्याने आधी मान खाली घातली आणि मग सांगितलं की तू त्याला एप्रिलमध्ये फोन केला होतास, मे महिन्यात दोनदा केलास, आणि मला कळू देऊ नको असंही बजावलंस. माझ्या पाठीमागे! त्या माणसाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायला नकार दिला म्हणून तू माझ्याकडे वळलीस. मी काय तुला खुळी वाटले?

खांदा दुखतो म्हणतेस. इस्टरला तर तू माझ्या अंगणात पडदे धुऊन दोरीवर वाळत घातलेस, हात वर करून, गाणं म्हणत. तेव्हा खांदा कुठे गेला होता? रागाने नाही विचारत. बरं, रागानेच विचारतेय, पण काळजी वाटते म्हणून. कुठे दुखतंय ते खरं सांग.

शाल वापर, ठेवणीत टाकू नकोस.
तुझी ताई,
देल्मीरा


साल्तो, १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी फाडलं. मग चिकटपट्टीने जोडलं आणि पुन्हा वाचलं. माझ्यावर पाळत ठेवायला तुला कोणी नेमलंय?

घे, खरं ऐक. खांदा गेल्या उन्हाळ्यापासून दुखत नाही. दुखतं ते कुठे ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही. उचकी लागली तरी वाटतं, आला परत. नोर्माचा कुत्रा माझ्या छातीशी हुंगत आला तरी वाटतं, याला कळलं. दुपारी चारला पाय हलायला लागतात. खुर्चीत बसवत नाही, उभं राहवत नाही, फाटकापर्यंत जाते आणि परत येते, असं वीस-वीसदा. थेंब घेतले की पाय थांबतात. आधी डॉक्टरांनी सांगितले तेवढे घ्यायची. आता किती ते विचारू नकोस.

आजारी होते तेव्हा बरं होतं, असं म्हटलं तर कानाखाली मारशील. पण तेव्हा रोज कुणीतरी उशाशी बसायचं. आता सगळे म्हणतात सुटलीस, आणि घरी जातात. सुटलेल्या बाईने रडायचं कुणापाशी? पुऱ्या खाऊन गेलेल्यांपाशी? मला या सगळ्याचा वीट आलाय, ताई. फार झालं.

मुरंबा पोचला. तू माझ्यासाठी जन्मभर जे केलंस ते कुणी करणार नाही.

आभारी आहे.
सुल्मा


ताकुआरेम्बो, २४ जून, सकाळ

सुल्मा,

मायना नाही, आशीर्वाद नाही. तुझं पत्र आत्ता मिळालं. शेवटचं आभारी आहे वाचलं आणि फोनकडे धावले. आपल्या घरात हा शब्द कोणी उगाच उच्चारत नाही. बाबांनी त्या सकाळी अर्धाच तुंबा पिऊन आईला आभारी आहे म्हटलं, आणि जेवणाआधी ते गेले. तू तिथेच उभी होतीस. विसरलीस?

अकरा वेळा फोन केला. उचलत का नाहीस, मेले? (बघ, काय लिहून बसले मी!) नोर्माला फोन करून सांगितलंय, दार उघडलं नाही तर फोडा. आजच्या गाडीत एकही जागा नाही. म्हणून ही चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती देतेय, मी उद्याच्या गाडीने निघतेय. तोवर काही करू नकोस. काहीही नाही. नुसती बसून राहा. पाय हलले तर हलू देत.

ताई


साल्तो, १० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू इथे होतीस त्या दहा दिवसांत बोलायचं राहिलं ते लिहिते. तोंडावर धीर झाला नाही.

आधी हिशेब नुकसानीचा. नोर्माचा नवरा त्या दिवशी मला शोधायला खिडकीतून आत शिरताना अडकला होता ना, त्याची कंबर अजून धरलेली आहे. मला विचारत होता, थेंब उरलेत का! नोर्माने त्याला लाटण्याने उत्तर दिलं.

तू दारात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलंस की आभारी आहे म्हणजे काय गं. मी म्हटलं, थेंबांना म्हटलं, ते सोडायचे ठरवले होते. मी त्या सकाळी बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंकडेच गेले होते, म्हणून फोन उचलला नाही, हे खरंच आहे. पण तो शब्द लिहिला पाच दिवस आधी. तो कुणाला म्हटला, थेंबांना, तुला का सगळ्यालाच, ते लिहिताना माझं मलाच ठाऊक नव्हतं. पत्र पेटीत टाकलं आणि पाच दिवस मी त्याची भीती बाळगून फिरले. तेवढं तुला माहीत असावं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदम सोडायचे नाहीत, शरीर उसळून येतं. दर आठवड्याला थोडे कमी. बाटली नोर्माकडे असते, ती मोजून देते आणि मोजताना ओठ हलवते. घाम येतो, चीड येते, काल मी तिला कंजूष म्हटलं. पाय अजून हलतात. चारला फाटकाशी जाते, पण नोर्माही येते, आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या फेऱ्या मारतो.

दर गुरुवारी दवाखान्यात आम्ही सुटलेली माणसं जमतो. सात जण. पहिल्या खेपेलाच एका म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं की त्यालाही उचकीची भीती वाटते, आणि मी इतकी हसले की रडायलाच लागले. तुंबा फिरत होता. माझ्या हातात आला, प्याले, पाणी संपून नळी घुरघुरली. सगळे माझ्याकडे बघत होते. डॉक्टरीणबाई तर श्वास रोखून. आता तिलाही ठाऊक झालंय ना.

मी तोंड मिटून परत केला. तिने पुन्हा भरला.

मुरंबा संपला. बरणी पार्सलने पाठवतेय, भरून धाड. आभार मानत नाही, नीट वाच.

तुझी,
सुल्मा