छप्पर शाबूत

३ मार्च, रविवार
आजपासून आयुष्याला वळण. तिकडे डोंगराळ भागात भूकंप झाला आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून पडलेली घरं नकाशावर दाखवायला स्वयंसेवक हवे आहेत, घरबसल्या. नाव नोंदवलं. इथे आधी 'सेवा' लिहिलं होतं. अहंकार वाटला, खोडलं. 'काम'.

ही बहिणीकडे हवापालटाला गेल्याला महिना होईल. कुकर घेऊन गेली. हवापालटाला कुकर लागतो का, हे विचारायचं राहिलं.

४ मार्च, सोमवार
ऑनलाइन प्रशिक्षण. शिकवणारी ताई माझ्या निम्म्या वयाची. एकाच जागेची दोन चित्रं असतात, भूकंपाआधीचं आणि नंतरचं. प्रत्येक घराची चौकट काढायची, मग दोन्ही चित्रं ताडून 'शाबूत' किंवा 'पडलं' अशी खूण करायची. आपलं काम दुसरं कुणीतरी तपासतं आणि मग मदतीच्या गाड्या कुठे पाठवायच्या ते ठरतं. मी तीन शंका विचारल्या. चौथीला ताई म्हणाली, वेळ संपली.

संकल्प: रोज सकाळी दोन तास. त्याआधी व्यायाम.

६ मार्च, बुधवार
व्यायाम उद्यापासून.

नवं चित्र अगदीच धुरकट. जुनं कसं लख्ख! काटेकोर काम करायचं तर चित्र स्वच्छ हवं. म्हणून चौकटी जुन्यावर काढतोय, नव्याशी नंतर ताडू.

एका अंगणात पांढरा ठिपका दिसला. बहुधा वाळत घातलेली चादर. बराच वेळ पाहत बसलो. असं पाहणं योग्य आहे का? त्या लोकांना विचारलेलं नाही.

९ मार्च, शनिवार
साडू टेम्पो घेऊन आले. हिचं कपाट आणि शिलाई मशीन नेलं. कपाटाची एक बाजू मीच धरली. जिन्यात साडूंनी हळूच विचारलं, "जेवताय ना नीट?" या प्रश्नाचं कारण कळलं नाही.

कपाटाच्या जागी कॉम्प्युटरचं टेबल झकास बसलं. समोरच्या काकूंनी दारातून विचारलं, वहिनी कायमच्याच गेल्या की काय. मी म्हटलं, हवापालट. काकू भिंतीवरच्या कपाटाच्या डागाकडे पाहत राहिल्या. रंग द्यायला हवा.

१२ मार्च, मंगळवार
हिचा फोन. बरंच बोलली. तिने तिकडे एक छोटी जागा बघितली आहे. चांगलंच आहे, पाहुण्यासारखं किती दिवस राहणार? मध्येच तिने विचारलं, ऐकतोयस ना. ऐकत होतो. फक्त एका घराचा कोपरा चुकला होता, तो सरळ करत होतो.

फोननंतर माझ्या वाट्याचं गाव पूर्ण केलं. ठरल्याप्रमाणे नवं चित्रही उघडलं. धुरकटच. अशा चित्रावरून कुणाचं घर पडलं असं म्हणणं मनाला पटेना. सगळी घरं शाबूत! पाठवून दिलं. डोळे भरून आले.

आता तपासणाऱ्यांमध्ये घेतील बहुतेक. आपण स्वतःहून विचारू नये.

१४ मार्च, गुरुवार
तपासणाऱ्या बाईंचा निरोप: "दादा, घरं फार सुंदर काढलीत. पण ती सगळी भूकंपाआधीची आहेत. तुम्हाला धुरकट दिसतंय तो ढिगारा आहे."

उत्तरादाखल पानभर खुलासा लिहिला. पुसला. 'माफ करा' एवढंच पाठवलं. त्यांनी लिहिलं, वेळेवर लक्षात आलं, गाड्या निघाल्या आहेत. तुम्ही प्रशिक्षण पुन्हा एकदा पाहून घ्या.

१५ मार्च, शुक्रवार
सकाळपासून नवं चित्र घेऊन बसलो. पडलं. पडलं. पडलं. चादरीचं अंगण सापडलं नाही.

दुपारी हिला फोन केला. विचारलं, तू परत येणार नाहीयेस का?

ती म्हणाली, "मंगळवारी तेच तर सांगत होते."

तिचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, गॅस नीट बंद करतोस ना. म्हटलं, हो.

आपली इमारत त्या नकाशावर दिसते का ते पाहिलं. दिसते. वरून छप्पर शाबूत आहे.

उद्या एक लहान कुकर आणणे.