पहिल्या घाण्याची चकती

ल्यों, ४ ऑक्टोबर १९६१

ती. आजीस,
ओदीलचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोली थंड आहे, पण तू दिलेले मोजे दोन-दोन चढवते.

पत्रास कारण असं की, आमच्या अध्यापिका विद्यालयात देलोर्म सरांनी प्रत्येकीला आपापल्या आडनावावर निबंध लिहायला सांगितला आहे. नाव आलं कुठून, अर्थ काय, किती जणांचं आहे. किती जणांचं हे बघायला मी पोस्टात जाऊन टेलिफोनचं जाडं पुस्तक उघडलं. एकट्या ल्योंत फूर्निए चार रकाने भरून आहेत. दात काढणारे फूर्निए, छत्र्या विकणारे फूर्निए, मयताच्या पेट्या करणारेसुद्धा. पाव भाजणारा मात्र एकच सापडला. सर म्हणतात की देशभर आपलं नाव उदंड आहे, कारण गाव तिथे भट्टी आणि भट्टी तिथे तिचा राखणदार. त्यालाच लोक फूर्निए म्हणायचे. म्हणजे हे सगळे एकमेकांचे कुणीच नव्हेत. माझ्या वर्गात नॉर्मंडीची एक फूर्निए आहे, तिला पाव धड कापताही येत नाही.

सर असंही म्हणाले की पूर्वी भट्टी जहागीरदाराची असे. गावानं तिथेच पाव भाजायचा अशी सक्ती, आणि भट्टीवाला प्रत्येक घरच्या कणकेतून धन्याचा वाटा काढून घ्यायचा. त्यामुळे तो धन्याचा माणूस, गावाचा नव्हे. हे ऐकून मला जरा लागलं. मी उभी राहून सांगितलं की बाकीच्यांकडे नुसतं नाव उरलंय, आमच्याकडे अजून किल्ली आहे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

तर आजी, तू मला भट्टीचं सगळं लिही. चकत्या कशा काढतात, पहिला घाणा कुणाचा हे कसं ठरतं, सगळं. सरांखेरीज कुणी वाचणार नाही, माझा शब्द.

लोभ आहेच, तो या थंडीत जरा जाड कर.

तुझी,
ओदील


ला कोंब, १२ ऑक्टोबर

चि. ओदीलला अ. आ.

तुझं पत्र आलं. अक्षर सुधारलंय, अक्कल बघू. माझ्या चुका मोजू नकोस. मी शाळेत तीन हिवाळे गेले, तेही शाळेची शेगडी ऊबदार होती म्हणून.

तुझ्या सरांना सांग की मी जन्माची फूर्निए नाही. मी फोरांची, म्हणजे लोहारांची. आमच्यात हातोडा, यांच्यात फावडं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी किल्ली दाखवली आणि दुसऱ्या दिवशी नवरा. नाव अंगाला लागायला मला दहा वर्षं लागली. भाजलेल्या हातांनी लागलं ते, पुस्तकानं नाही. आणि जहागीरदाराचा वाटा आम्ही काढत होतो की नाही ते मला माहीत नाही. मी तेव्हा नव्हते, एवढी म्हातारी मी नाही.

आता भट्टीचं. तू लहानपणी भट्टीपाशी नुसती राख खायचीस, म्हणून नीट सांगते. वर्षातून एकदाच पेटते, नोव्हेंबरात संत मार्टिनचा सण झाला की. चौदा घरं, चौदा घाणे, वर्षभराचा काळा पाव. वर्षभर गार पडलेला दगड तापवायला पहिल्या घराला दुप्पट लाकूड लागतं, आणि एवढं करून त्याचा पाव बसकाच निघतो. पुढच्यांना तापलेली भट्टी आयती मिळते. म्हणून पहिला कोण हे देवावर. प्रत्येक घराची खूण कोरलेली लाकडी चकती असते. त्या पिशवीत टाकायच्या आणि देवळाच्या ओट्यावर फूर्निएनं हात घालून काढायच्या. फूर्निएनंच, कारण किल्ली त्याची, आणि ज्याला सगळ्यांचा पाव भाजायचाय तो कुणाचा वैरी नसतो, असं धरून चालतात.

धरून चालतात म्हटलं, कारण आता जे सांगते ते तुझ्या आजोबांच्या थडग्यालाही मी सांगितलेलं नाही.

चाळीस सालच्या फेब्रुवारीत फिलोमेनचा नवरा बर्फाच्या कड्याखाली गेला. चार पोरं, लाकूड तोडणारा हात एकही नाही. तुझे आजोबा गेल्यापासून किल्ली माझ्या गळ्यात होती; त्या नोव्हेंबरात मी पिशवीत हात घातला आणि पहिली चकती तिची निघाली. तिनं नुसती मान हलवून हो म्हटलं. लाकूड अर्ध्यात संपलं, पाव आत चिकट राहिला, आणि जूनपर्यंत भिंतीपलीकडे तिची पोरं पोट धरून कण्हत होती. माझं घर शेजारी, झोप माझी गेली. पुढल्या वर्षी मी तिची चकती पिशवीत टाकलीच नाही. एप्रनच्या खिशात ठेवली. पहिली निघाली की नाक पुसायच्या निमित्तानं रुमाल काढायचा आणि चकती हळूच पिशवीत सोडायची. तेव्हापासून दरवर्षी. पोरं मोठी होऊन कारखान्यांत गेली, आता ती आणि तिची शेळी, तरी सवय सुटली नाही. बिचाऱ्या आर्नोच्या वाट्याला पहिला घाणा सहा वेळा आला. तो म्हणतो की देवाचा त्याच्यावर राग आहे. देवाचा असेलही, मी मुद्दाम त्याच्याविरुद्ध काही केलेलं नाही.

ही दया नव्हे. मला झोप हवी होती.

हे तुझ्या निबंधात घालायचं नाही. पत्र वाचून शेगडीत टाक.

लोभ जाड करायला सांगतेस. लोकर महाग झालीय. आहे तोच पुरवून वापर.

आजी


ल्यों, ३० ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं मी दोन दिवस हसत होते, आणि एक दिवस नाही.

सोबत अर्धा किलो कॉफी पाठवली आहे, आर्नोकाकांना दाखवू नकोस. इथे पाऊस आहे. माझ्या निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. देलोर्म सरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले की असं लिखाण वहीत कुजू देणं हे पाप आहे. एका कागदावर माझी सही घेतली. त्या नॉर्मंडीच्या फूर्निएला विसांपैकी बारा मिळाले, मला अठरा.

नाताळला येते. तोवर तब्येतीला जप, आणि माझ्यावरचं लक्ष उडू देऊ नकोस.

तुझी,
ओदील


ला कोंब, २० नोव्हेंबर

ओदीलला,

आशीर्वाद आज लिहीत नाही. हात वर जात नाही.

तू मागच्या पत्रात कॉफीचं लिहिलंस, पावसाचं लिहिलंस, गुणांचं लिहिलंस. माझं पत्र जाळल्याचं लिहिलं नाहीस. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

खोऱ्याचं साप्ताहिक गुरुवारी आलं. मी ते घेत नाही, तुला माहीत आहे. पोस्टमननं दारूच्या दुकानात ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा, कारण आर्नो पहिल्या वेळी शेळ्या बांधायला गेला होता. वरती मोठं नाव, भट्टीवालीच्या खिशातली चकती. खाली तुझं नाव, पूर्ण आडनावासकट. भट्टीचं चित्रसुद्धा. मला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी आर्नोच्या बायकोनं मला अंडी दिली आणि हसली. ती चाळीस वर्षांत कधी हसली नव्हती. मला वाटलं दात बसवले असतील.

काल रविवारी चकत्या काढायच्या होत्या. सगळं गाव ओट्यावर. मी नेहमीसारखी पिशवी घेऊन गेले, आणि नेहमीसारखा खिसाही. आर्नो फार मऊ आवाजात म्हणाला की वहिनी, यंदा चकत्या जरा मोठ्यानं मोजून टाका, आम्हाला हल्ली ऐकू कमी येतं. मी मोजल्या. तेरा झाल्या. मग तो म्हणाला की वहिनी, आता खिसा. मी म्हटलं की खिशात नाकाचा रुमाल आहे, हवा तर घे. तो म्हणाला की रुमालाबद्दल पेपरात वाचलंय आम्ही.

एकाहत्तराव्या वर्षी माझा खिसा उलटा केला गेला, पोरी. रुमाल पडला, शिवणाचं अंगुस्तान पडलं, साखरेचा एक खडा पडला, आणि फिलोमेनची चकती गडगडत तिच्याच पायाशी गेली.

आर्नोनं बोटांवर सहा वर्षं मोजून दाखवली. बाकीच्यांनीही आपापली मोजली. मला वाटलं होतं, निदान फिलोमेन बोलेल. ती बोलली. म्हणाली की वीस वर्षं तू मला भीक वाढलीस आणि ताटाला मी स्वतःची कमाई समजत राहिले. घरात नशीब आहे असं पोरांना सांगत राहिले. मग वाकून चकती उचलली, आर्नोच्या हातात दिली आणि म्हणाली की पिशवी राहू दे, यंदाचा पहिला घाणा माझा. लाकूड किती आहे असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली की आहे तेवढं आहे.

किल्ली आर्नोनं मागितली. गळ्यातली दोरी काढताना माझ्या केसांत अडकली, तर त्याच्या बायकोनं सोडवून दिली. अंडी परत मागितली नाहीत, एवढे उपकार.

मी तुला सांगितलं ते निबंधासाठी नाही. तू राख खायचीस तेव्हा तोंड मी धुवायची, म्हणून सांगितलं.

कॉफी परत पाठवली आहे. थोडी कमी भरेल, दोनदा प्यायले होते.

ओनोरीन फूर्निए


ल्यों, २४ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न.; विनंती करायला तोंड नाही, तरी वि. वि.

पेपरात सरांनी पाठवलं. पण सही माझी आहे, आणि सही करताना मला कळत होतं. पत्र जाळलं नाही, कारण तसं पत्र मला कधीच कुणी लिहिलं नव्हतं. सरांनी निबंध वर्गात वाचला तेव्हा सगळ्या वळून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं की त्या फूर्निएंच्या चार रकान्यांत आता माझी ओळ वेगळी दिसेल. मी तुला वाईट लिहिलं नाही ग. शेवटी असं लिहिलं की धन्यासाठी कणीक काढून घेणाऱ्यांच्या नावाला माझ्या आजीनं नवा अर्थ दिला. मला ते फार छान वाटलं होतं.

मी आर्नोकाकांना पत्र लिहू का? फिलोमेनकाकूंची माफी मागू का? तू सांगशील ते करते. नाताळला येऊ का, एवढंच कळव.

रागावलीस तरी टाकू नकोस.

ओदील


ला कोंब, ३ डिसेंबर

ओदील,

पत्र पोचलं. आर्नोला लिहू नकोस. तो तेही दुकानात वाचून घेईल.

तू नवा अर्थ म्हणतेस. तो अर्थ आता ऐक.

भट्टी मंगळवारी पेटवली, बुधवारी दुपारी पहिला घाणा घातला. तुला मी कधी सांगितलं नाही, आणि आता पेपरात छापलंस तरी हरकत नाही, की भट्टी तापली हे घड्याळ सांगत नाही. आधी आतली कमान काजळीनं काळी होते. जाळत राहायचं. मग ती काजळी आपोआप जळते आणि कमान पांढरी पडते, धूर बारीक निळा होतो. त्याआधी पाव घालायला निखारे बाहेर ओढायचे नाहीत, घरातलं स्टूल जाळावं लागलं तरी. हे किल्लीबरोबर येत नाही. आर्नोनं फक्त किल्ली घेतली होती.

मी खिडकीशी मोजा विणत बसले होते, तुझाच. धूर दिसत होता. काळा होता. मग लोखंडी कुदळीचा आवाज आला, निखारे ओढायला लागले होते. फिलोमेनचं लाकूड संपलं असणार, आणि दुसऱ्याकडून मोळी मागायला ती मेली तरी जाणार नाही. माझ्या परड्यात नऊ मोळ्या रचलेल्या होत्या. भट्टी चाळीस पावलांवर. दार उघडून नुसतं थांबा म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं नाही. ज्यांनी माझा खिसा उलटा केला त्यांना मी का सांगावं? असं मनाशी म्हणत टाके घालत राहिले. एकही चुकला नाही.

तिचा पाव आत चिकट निघाला, बोट घातलं तर बोटाला येतो. तिनं सगळे मोजून घरी नेले, एकही फेकला नाही. पुढच्या तेरा जणांचा उत्तम झाला. आर्नोचा सगळ्यांत उत्तम, आणि तो म्हणतो की देवाचा राग गेला. आता भिंतीपलीकडून रोज सकाळी पाव कापायचा आवाज येतो. कच्चा पाव कापताना वेगळा आवाज येतो, तुला माहीत नसेल. पूर्वी कण्हण्यानं झोप जायची, आता तेवढ्यानं जाते.

तर तू मला विकलंस आणि मी तिला. तुझ्यापेक्षा माझं वय पन्नासनं जास्त आहे, म्हणून माझं पाप मोठं. पण त्यामुळे तुझं लहान होत नाही.

या पुडक्यात तिच्या पावाचा तुकडा आहे. मागायला गेले होते. तिनं दार अर्धं उघडलं, कशाला असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, धुराचंसुद्धा. तिनं आतून तुकडा आणून दिला आणि दार लावलं. तो तू खायचा. कॉफीत बुडवून नाही, कोरडा. सरांना द्यायचा नाही.

नाताळला येऊ नकोस. पुढल्या नोव्हेंबरात ये, सणाच्या दहा दिवस आधी. वही आणू नकोस, कुऱ्हाड आण. वरच्या रानातून फिलोमेनच्या परड्यात लाकूड रचायचं, पहिला घाणा तिचा निघो वा शेवटचा. ती हाकलेल. तरी रचायचं.

मोजे झाले आहेत, पण पाठवत नाही. विणताना काय बघत होते ते मला माहीत आहे.

लोभाचं विचारशील. तोही तिच्या पावासारखाच आहे, वरून भाजलाय, आतून कच्चा. फेकलेला नाही.

तुझ्या निबंधात एक दुरुस्ती कर, तो नवा अर्थ खोड. फूर्निए म्हणजे भट्टी राखणारा, असं तू लिहिलंस, आणि ते बरोबर आहे; त्या बुधवारी मी ती राखली नाही. म्हणून पाकिटाच्या मागे मी ते नाव घातलेलं नाही. उत्तर पाठवशील तर पत्त्यावर लोहारांचं नाव घाल, पोस्टमनला मी सांगून ठेवलं आहे.

ओनोरीन फोर