दादाच्या नावावरचं उघडं काम

ती. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

(नावामागे काय लावायचं ते अजून हाताला सुचत नाही. सवयीने 'सौ.' लिहून खोडलं, दुसरं काही लिहवेना, म्हणून नुसतं वहिनी. नाहीतरी मी तुम्हाला दुसरं काही कधी म्हटलेलंच नाही.) जेवणखाण वेळेवर होतं का, झोप लागते का, हे विचारायची रीत आहे, पण उत्तर ठाऊक असल्यामुळे विचारत नाही. गुडघ्याचं तेवढं कळवा. आई माझ्याकडे बरी आहे. अधूनमधून मला दादाच्या नावाने हाक मारते आणि मी निमूटपणे ओ देतो. दोघांचंही भागतं.

पत्रास कारण म्हणजे दादाच्या फोनवर येणारे ते निरोप. 'आपले काम मुदतबाह्य झाले आहे, त्वरित पूर्ण करावे.' रोज सकाळी येतो ना? तुम्ही तो फोन कपाटात पांघरुणांखाली टाकलात आणि त्या रागात माझेही फोन उचलणं सोडलंत, हे तुमच्या भावाकडून कळलं. तुमचं चुकलं नाही. गेलेल्या नवऱ्याला रोज सकाळी कामचुकार ठरवणारा निरोप कोणाला सोसवेल? पण तो कोणी माणूस पाठवत नाही, वहिनी, तो सासू पाठवते. (तुमची सासू नव्हे. ती बिचारी आत्ता टीव्हीसमोर पेंगते आहे.) आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्तीला येतात त्या अवाढव्य शेडमध्ये, कामं वाटून देणारं नवं सॉफ्टवेअर आलं, त्याला मेकॅनिक मंडळींनी हे नाव ठेवलं. दिवसभर कामं सांगते, केलेल्या कामावर कधी खूश नसते आणि आपलंच खरं करते, म्हणून सासू.

माझी नोकरी काय, हे दादाने तुम्हाला 'खुर्ची गरम करतो' एवढ्यावरच आटोपलं असणार. खरं म्हणजे मी या सासूला कामं शिकवतो. कुठल्या विमानाचं काय तपासायचं, किती तास उडाल्यावर, कोणी, कुठल्या हत्याराने, हे एकेका कामापुढच्या रकान्यांत भरायचं. रकाना रिकामा ठेवून चालत नाही. सुरुवातीच्या घाईत एका कामापुढचा 'कुठल्या विमानाला लागू' हा रकाना कोरा राहिला, आणि कोरा म्हणजे सासूच्या लेखी 'सगळ्यांना'. झालं! कोपऱ्यात उभ्या असलेल्या एकुलत्या एका हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा पंखा तपासायचं काम हँगरमधल्या झाडून सगळ्या विमानांच्या माथी बसलं. बाकीचे मेकॅनिक 'तपासले, ठीक आहे' असं लिहून मोकळे झाले. दादाने शिडी लावली, वर चढला, शेपटीला प्रदक्षिणा घातली आणि खाली येऊन लिहिलं, 'पंखा शोधला. या विमानाला नाही. हवा असल्यास विकत आणावा.' त्याला सगळे कासव म्हणायचे. माझ्याही तोंडात तेच बसलं होतं, आणि त्याच्यामुळे माझं वेळापत्रक कोलमडलं की मी चारचौघांत तसं म्हणायचोही. आता कोणी म्हणालं तर मला राग येतो.

त्या दिवशी त्याच्याकडे चाकांच्या पायांचं काम होतं. उतरताना विमानाचा सगळा भार ज्या दोन जाडजूड पायांवर येतो, त्यांची झाकणं उघडून आत कुठे तडा गेलाय का ते पाहायचं. डावा पाय झाला, त्याची नोंद झाली. मग 'जरा टेकतो' म्हणून तो स्टुलावर बसला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते गमतीने लिहायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही. उजवा पायही त्याने पाहिलाच असणार, फक्त बटण दाबायचं राहिलं, असं आमच्या साहेबांचं मत आहे. (आमचे साहेब अत्यंत कनवाळू आहेत. दादासाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहायला लावलं, आणि ती दोन मिनिटं जेवणाच्या सुट्टीतून कापली नाहीत.)

आता सासूचा नियम असा की ज्याने काम सुरू केलं त्यानेच ते संपवायचं, नाहीतर स्वतः बटण दाबून दुसऱ्याच्या हवाली करायचं. आणि ज्याच्या नावावर उघडं काम आहे त्याचं नाव यादीतून काढता येत नाही. म्हणजे दादा गेला हे डॉक्टरांनी मान्य केलं, आपण सगळ्यांनी रडत रडत मान्य केलं, सासू करत नाही. गैरहजेरीच्या कारणांत रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि 'इतर' एवढंच आहे. मी 'इतर' लावलं. तिने परत येण्याची तारीख मागितली. मी लांबची एक तारीख घातली (ती घालताना माझी काय अवस्था झाली ते विचारू नका), तर म्हणाली की एवढा उशीर चालणार नाही, आणि लागली त्याच्या फोनवर तगादा लावायला. मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. तिथल्या मुलीने फार आदबीने सांगितलं की संबंधित कर्मचाऱ्याला बटण दाबायला सांगा. मी म्हटलं, ते वारले. ती म्हणाली, अच्छा, मग त्यांच्या सोयीने सांगा. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. काय करणार?

दुसरा रस्ता म्हणजे त्या कामावरचं दादाच्या नावाचं कुलूप सॉफ्टवेअर कंपनीकडून रीतसर तोडून घ्यायचं. पण मग तपासणी पहिल्यापासून करावी लागते, विमान पुन्हा उचलून धरावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. विमानाची तिकिटं मात्र विकून झाली आहेत. साहेब माझ्या टेबलाशी येतात आणि घड्याळ बघून जातात. मी आपला स्क्रीनवर दादाच्या नावापुढचा हिरवा दिवा बघत बसतो. हिरवा म्हणजे 'कामावर हजर'.

तब्येतीला जपा. लहानांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलंच. दादाच्या नावाने सासूत शिरायचं तर त्याच्या फोनवर एक कोड येतो. हे पत्र घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर दाराशी थांबेल. फोन सुरू करून तो कोड त्याला सांगावा. एक बटण दाबलं की दादाचं काम पूर्ण होईल, निरोप थांबतील आणि तुम्हालाही शांतता लाभेल. साहेबांनीही तुम्हाला तशी विनंती केली आहे.

ता. क. दुसरा, वेगळ्या कागदावर : साहेब वरचं सगळं वाचून, 'कनवाळू'च्या आधी 'अत्यंत' घालायला लावून, आत्ताच गेले. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे.

वहिनी, कोड देऊ नका. उजवा पाय दादाने उघडलाच नव्हता. त्याला स्टुलावरून खाली घेतलं तेव्हा मी तिथेच होतो, उजवीकडची झाकणं जशीच्या तशी बंद होती. हे मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, तू मेकॅनिक आहेस का? दुसरा कोणी आपल्या नावाने ते बटण दाबायला, म्हणजे सही करायला, तयार नाही, कारण उद्या काही झालं तर सही करणाऱ्याला जाब विचारतात. दादाला कोणी विचारणार नाही, म्हणून त्यांना त्याचीच सही हवी आहे. जो माणूस नसलेला पंखा शिडी लावून शोधायचा, त्याच्या नावावर न केलेलं काम चढवणार, आणि त्या विमानात माणसं बसवणार. मला हे सहन होत नाही.

उड्डाण तपासणी खात्याला मी सगळं लिहून पाठवलं आहे. त्यांची माणसं येईपर्यंत विमान हललं नाही म्हणजे झालं. माझी नोकरी बहुतेक जाईल. आईला एवढ्यात सांगू नका. निरोप मात्र येत राहतील. येऊ द्यात. जोवर ते येताहेत तोवर विमान जमिनीवर आहे, एवढं समजा आणि फोन पुन्हा पांघरुणांखाली ठेवून द्या.

ड्रायव्हरला यातलं काही माहीत नाही. त्याला चहा द्या आणि नुसतं 'नाही' म्हणून सांगा. कारण देऊ नका. कारण कळलं की साहेब त्यावर उपाय काढतात.