पोटदुखीचं एरंडेल

वाशीम, माघ वद्य चौथ

आईले हौसाचा पाया पडून नमस्कार. वयनी, हे तूच वाचून दाखव, दादाजवळ देजो नको.

मले दिवस गेले हायेत. दुसरा महिना चालू हाये. जेवण ठरत नाई, बाकी काळजी नको करू.

इथं दवाखान्यात दर मंगळवारी नर्सबाई गरोदर बायाईले तपासते. पण आमच्या सासूबाईचं शास्त्र असं, का तीन महिने कोणाले समजू द्याचं नाई, नजर लागते. म्हणून मले नर्सच्या बाकावर बसू देलं नाई. कंपाउंडरच्या खिडकीपाशी नेलं अन् सांगतलं, "सुनेचं पोट दुखते." त्यानं बाटलीभर एरंडेल देलं. आमचे घरधनी बाजूलेच उभे होते. बाटली त्याईनंच घरी आणली.

गरोदर बाईनं एरंडेल घेऊ नाई, हे आई, तूच सांगतलं होतं. मी ते रोज देवाच्या दिव्यात ओततो. सासूबाई म्हणते, सध्या वात कशी झकास जळून राह्यली. इतकी हुशार बाई साऱ्या वाशीमात सापडाची नाई.

आपली कपिली गाय व्याली का? तिचं तर पहिल्यापासून आपल्या साऱ्या धनज गावाले माईत होतं. तिले कोणाची नजर लागली?

येत्या मंगळवारी मी एकटी जाऊन त्या बाकावर बसतो. पाहू दे गावाले.

मागच्या सालीबी याईनं असंच लपवलं होतं, आई. मंग पोटातलं ते गेलं, तेबी लपवा लागलं. तुले आज सांगून राह्यली.

तुही,
हौसा