मुद्दाम तिरकी गिटार

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

खोकं आलं! बायकोला, बिलकिसला, वाटलं, इस्त्री आली. उघडलं तर आत लाकडाचं एक धड, एक मान, दोन पिशव्या स्क्रू, वायरींचा गुंता आणि एक कागद — त्यावर नुसती चित्रं. हे काय, म्हणाली. इलेक्ट्रिक गिटार, म्हटलं, सुटी आहे, जोडायची. जोडलेल्या संपल्या होत्या का, म्हणाली.

संपल्या नव्हत्या. पण मच्छिंद्रला विकतची देऊन काय उपयोग? त्यानं मनात आणलं तर दुकानच विकत घेईल. मला माझ्या हातची द्यायची आहे. माझ्याच हातानं त्याची गेली.

एकदा लिहूनच टाकतो. अठ्ठ्याऐंशी साली आमचा ऑर्केस्ट्रा होता. मच्छिंद्र गिटारवर, मी बोंगोवर. गणपतीच्या दहा दिवसांत चौदा कार्यक्रम! दिवाळीआधी त्यानं गिटार माझ्याकडे पॉलिशला आणून दिली, तारा काढून, चादरीत गुंडाळून. मी लाखेचं पॉलिश मारलं आणि वाळायला पत्र्यावर ठेवली. एक दुपार. दुसऱ्या दिवशी तो तारा चढवायला आला तर मान धनुष्यासारखी! तारा बोटभर वर. त्यानं गिटार उचलली आणि गेला. आठवड्यात कात्रजपासून बिबवेवाडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक — अकबरनं वाट लावली. ऑर्केस्ट्रा मोडला. छत्तीस वर्षं आम्ही बोललो नाही. अब्बा तेव्हा म्हणाले होते, एका दुपारच्या उन्हानं लाकूड एवढं वाकत नाही. पण ते माझे वडील, ते माझीच बाजू घेणार.

दिवाळीआधी विजयमाला वहिनी — मच्छिंद्रची बायको — दुकानात येऊन गेल्या. आठ डिसेंबरला त्याची साठी, कात्रजला हॉलमध्ये. गाडी चालवताना स्टिअरिंगवर अजून बोटं नाचतात म्हणे त्याची. मी आले होते हे त्यांना सांगू नका, म्हणाल्या.

७ नोव्हेंबर

माल सदोष निघाला! धड टेबलावर ठेवून मोजलं. डावी कंबर वर, उजवी खाली. खालची कड तर चक्क एका बाजूला घसरलेली. चाळीस वर्षं फर्निचर पॉलिश करतोय, असं स्टूल आलं असतं तर गिऱ्हाइकाला परत पाठवलं असतं.

कंपनीला फोन केला. मुलगी गोड बोलत होती. सर, तो ऑफसेट असतो. म्हणजे काय? म्हणजे मुद्दाम तिरका, सर, बसून वाजवायला बरं पडतं. मी विचारलं, बसणारा माणूस सरळ असला तर? तिनं मला होल्डवर टाकलं.

८ नोव्हेंबर

आठवलं. मच्छिंद्रचीही अशीच तिरकी होती. मी तेव्हा बघितलंच नाही. पॉलिशवाला रंग बघतो, सांगाडा बघत नाही.

१४ नोव्हेंबर

घासून झालं. डाळिंबी रंग, त्याच्या जुन्यासारखा. वर लाखेचे हात — आज सहावा. यंदा ऊन अजिबात नाही! खोलीत, पंख्याखाली. थंडीत पंखा लावल्यामुळे बिलकिस दोन गोधड्या घेऊन बसली आहे. म्हणते, मला एवढं कधी जपलं नाहीत. खरं आहे, पण तिची मानही कधी वाकली नाही. हे तिला बोललो नाही.

१७ नोव्हेंबर

अब्बांनी धडावरून हात फिरवला. वय शहाऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, पण सुताराची बोटं अजून सगळं वाचतात. दोनदा फिरवला. खालच्या तिरक्या कोपऱ्याशी बोटं थांबली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

या अल्ला.

जुम्म्याची नमाज पढून आलो. अब्बा गुडघ्यांमुळे हल्ली घरीच पढतात. दुकानाच्या दारात लाकडाचा भुसा. आत अब्बा त्यांच्या जुन्या करवतीसह बसलेले, चेहरा प्रसन्न. समोर गिटारीचं धड. खालचा तिरका कोपरा — दोन इंच पाचर — जमिनीवर!

"टेढा था," म्हणाले. "सीधा कर दिया. गुण्या लगा के देख."

मी खरंच गुण्या लावला. डोकंच चालत नव्हतं. तंतोतंत नव्वद अंश! मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, हातकरवतीनं. एखाद्या पाटाला असा काप बसला असता तर मी त्यांचे हात चुंबले असते.

सगळे हात, सगळा रंग, सगळं गेलं. आणि ज्या माणसानं मला पटाशी धरायला शिकवलं त्याच्यावर ओरडू कसा? बाहेर जाऊन लाकडाच्या ढिगावर बसलो. रडलोच थोडा. सोळा दिवस राहिलेत.

२३ नोव्हेंबर

बिलकिसनं अब्बांना सांगितलं की ती तशीच असते, मुद्दाम. अब्बांनी तीनदा विचारलं — पैसे देऊन लोक तिरकं घेतात? मग जेवले नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड. माझा राग तिथंच विरला. आता मलाच त्यांना समजवावं लागतंय की काही बिघडलं नाही. बिघडलंय सगळंच.

२४ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर अब्बा दुकानात. अम्मीच्या मोडक्या पलंगाची शिसवी पट्टी त्यांनी माळ्यावरून काढून घेतली होती. करवतीनं खाल्लेल्या जागी ती पट्टी बसवायची, पाचर परत चिकटवायची. मी धरलं, त्यांनी बसवलं. डाळिंबी लाकडात एक काळी रेघ, केसाएवढीही फट नाही.

शेवटी म्हणाले, "टेढाच रखना था तो पहले बोलना था ना."

३० नोव्हेंबर

मान बोल्टनं जोडली. एक डोळा मिटून पंधरा वेळा बघितली. सरळ आहे. सोळाव्यांदा बघताना बिलकिसनं चहा काढून घेतला.

३ डिसेंबर

वायरिंग. मांडववाल्या जयसिंगकडून स्पीकर आणला. लावलं. तार छेडायच्या आधीच घूंऽऽऽ. बिलकिस आतून म्हणाली, मिक्सर बंद करा, आत काही नाहीये.

४ डिसेंबर

एक वायर उलटी होती. आता फक्त तार छेडल्यावर वाजते. मी एकच सूर वाजवला, मला तेवढाच येतो. अब्बा म्हणाले, आवाज सरळ आहे.

७ डिसेंबर

उद्या. त्यानं सगळ्यांसमोर परत दिली तर? बिलकिस म्हणते, तर परत आणायची, घरात खुंटी आहे. तिला सोपं आहे. मला वस्तू परत नको, मला माझा दोस्त परत पाहिजे. साठी झाली तरी हे तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून तर लाकूड घासत बसलो.

८ डिसेंबर, रविवार

हॉलमध्ये पाचशे माणूस. मच्छिंद्र फेटा बांधून खुर्चीत, नगरसेवक असल्यासारखा. पोट सुटलंय. ओळीत उभा राहिलो, अब्बा माझ्या दंडाला धरून. आमचा नंबर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गिटारीकडे. ती चादरीत गुंडाळली होती, चादर मी मुद्दाम त्याच्या तेव्हाच्यासारखीच निवडली होती.

त्यानं चादर सोडून काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग गिटार उचलून, एक डोळा मिटून मानेकडे बघितलं — पाचशे लोकांसमोर! बघतच राहिला. डोळा उघडेना. अब्बांच्या पाया पडला, गिटार वहिनींकडे दिली आणि मागच्या माणसाचा पुष्पगुच्छ घेतला.

जिलेबी खाल्ली. काय चव होती ते आठवत नाही. रिक्षा करून घरी आलो. संपलं म्हणायचं.

९ डिसेंबर

सकाळी दुकान उघडलं तर मच्छिंद्र पायरीवर. मांडीवर गिटार. रात्रभर वाजवली म्हणे, बोटं सोलली आहेत. मग खाली बघत म्हणाला, "अकबर, ती मान तू नाय वाकवली. मी गणपतीनंतर म्हैनाभर इहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत वलीत इसरलो हुतो. आमच्या वडलांनी, आप्पांनी, म्हैस इकून घेतलेली, त्यांनी मला फोडला असता. म्हणून तारा काढून तुझ्याकडं दिली, आन् तुझं नाव घेतलं. मग तुझं त्वांड बघायची लाज वाटाया लागली."

आतून अब्बा म्हणाले, "मैं बोला था."

छत्तीस वर्षं! मी गिटार त्याच्या मांडीवरून काढून घेतली आणि आमच्या खुंटीला टांगली. मग कंपनीला फोन करून दुसरं किट मागवलं. हे आता त्यानं जोडायचं, माझ्यासाठी, रोज इथं येऊन; झालं की त्याची त्याला परत. करवत धरायला अब्बा आहेतच.